पहिलाच खेळ बसवताना: सुरुवातीचे साहस कोणते घ्यावे आणि नकाशा किती उघडावा?

उपवनकाठ (ठाणे)

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मी पहिल्यांदाच सूत्रधार होऊन 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ बसवला (यात सूत्रधार गोष्ट सांगतो, प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि अवघड गोष्टी फासे टाकून ठरतात), आणि तो पाऊण तासातच खाली बसला. चूक कुठे झाली याचा मला थोडाफार अंदाज आहे. तरीही ज्यांनी नवख्या मंडळींना घेऊन असे खेळ चालवले आहेत त्यांच्याकडून नीट समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढतो आहे.

खेळाडू पाच होते: नववीतला माझा भाचा, त्याचे दोन मित्र, माझी पत्नी आणि शेजारच्या काकू. मी २०१४ सालच्या स्टार्टर सेटमधले 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' हे साहस, म्हणजे तयार कथानक, घेतले होते, कारण त्या पेटीत ३२ पानांचे नियम, ६४ पानांचे साहस, पाच तयार पात्रे आणि फासे असे सगळे एकत्र मिळते आणि नवख्यांसाठी जो तो त्याचेच नाव घेतो. सुरुवात अशी आहे की खेळाडू सामानाची गाडी घेऊन रानवाटेने चाललेले असतात, वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेले दिसतात आणि झाडीत चार गॉब्लिन (बुटके, दुष्ट राक्षस) दबा धरून बसलेले असतात. भाच्याने जादूगार घेतला होता. घोड्यांपाशी तोच सर्वांत पुढे गेला, दोन बाण लागले आणि त्याचे पात्र बेशुद्ध पडले. मग पाळी आली की तो एक फासा टाकायचा, "वाचलो की मेलो?" एवढे विचारायचा आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालायचा.

दुसरी फजिती नकाशाची झाली. पुढच्या गुहेचा नकाशा मी झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून आणला होता आणि उत्साहाच्या भरात तो अख्खाच्या अख्खा टेबलावर पसरला. तो सूत्रधाराचा नकाशा होता आणि त्यावर जागांचे क्रमांक होते, हे माझ्या लक्षातच आले नाही. काकूंनी चष्मा लावून तो दोन मिनिटे न्याहाळला, आठ क्रमांकावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "शेवटचा आकडा हा आहे, म्हणजे मुख्य माणूस इथेच असणार. मग बाकीच्या खोल्यांत कशाला हिंडायचे?" त्यांचे म्हणणे खोडून काढायला माझ्याकडे काहीही नव्हते, कारण ते खरे होते.

तेव्हा विचारायचे आहे ते असे की पहिल्या बैठकीसाठी याहून सौम्य साहस कोणते, आणि नकाशा दाखवायचा तर किती दाखवायचा?

सोंगटी (वाशी)

आपल्या भाच्याचे दुर्दैव नव्हे, तो सरळ हिशेब आहे. त्या गॉब्लिनचा हल्ला फाशावर पडेल ते अधिक ४ असा असतो आणि तयार जादूगाराचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२ असतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडले की बाण लागतो, आणि हे शंभरातून ६५ वेळा घडते. लागलेला बाण सहा बाजूंच्या फाशावर पडेल ते अधिक २ इतके नुकसान करतो, म्हणजे सरासरी साडेपाच. जादूगाराचे हिट पॉइंट्स, म्हणजे तो सोसू शकेल तेवढे नुकसान, अवघे आठ. दोन बाण बहुधा पुरतातच. फाशावर सहा पडला तर एकच बाण पुरतो.

साहस वाईट नाही, पहिले पान वाईट आहे. मी तो प्रसंग चालवतो तेव्हा झाडीत दोनच गॉब्लिन ठेवतो, आणि पहिला पडला की दुसरा पळतो. पळणाऱ्याच्या मागे गेले की गुहा सापडते, त्यामुळे कथेचेही काही बिघडत नाही.

तरीही पेटीच घ्यायची असेल तर २०२२ सालच्या स्टार्टर सेटमधले 'ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल' पाहावे. तिथे पहिल्याच झटापटीत समुद्रातून झाँबी, म्हणजे चालती प्रेते, येतात. झाँबी एका पाळीत २० फूट चालतो, खेळाडूंची पात्रे साधारण ३० फूट चालतात. हा दहा फुटांचा फरक नवख्याला किती धीर देतो हे टेबलावर पाहिल्याशिवाय कळत नाही. मागे सरकता येते, विचार करता येतो, पळूनही जाता येते. गॉब्लिन मात्र बाण मारून पुन्हा झाडीत लपतो. त्याच्याशी लढायला आधी नियम पाठ असावे लागतात.

खाडीपूल (ऐरोली)

माझे मत थोडे उफराटे आहे. नकाशा किती दाखवावा, तर अजिबात दाखवू नये. आपला कीर्तनकार हातात चिपळ्या आणि गळ्यात हार एवढ्यावर सगळी लंका उभी करतो. त्याला कोणी चौकटींचा कागद मागत नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ साली आला तो छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांतून, म्हणून इंच आणि फुटांची भाषा त्याला चिकटली. पाचव्या आवृत्तीच्या नियमांतही चौकटींवर खेळणे ऐच्छिकच मानलेले आहे. एकदा कागद पसरला की सगळ्यांचे डोळे कागदावर जातात आणि जो तो चौकटी मोजू लागतो, मग "मी छताच्या वाशाला लोंबकळू का?" असे कोणी विचारत नाही, कारण कागदावर वासा काढलेला नसतो.

नेरूळची खिडकी (नवी मुंबई)

खाडीपूल, आपले म्हणणे चार वर्षे एकत्र खेळलेल्या मंडळींना लागू पडेल. ज्या काकूंनी गुहाच कधी पाहिलेली नाही, त्यांच्या मनात गुहेचे चित्र कुठून येणार? कीर्तनातली लंका श्रोत्यांना लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून ती शब्दांत उभी राहते.

मी ऑफिसमधल्या मैत्रिणींसाठी 'कॉल ऑफ क्थुल्हू' चालवते. हा १९८१ पासूनचा भयकथेचा खेळ आहे. त्याचे सुरुवातीचे नियम प्रकाशकांकडून मोफत मिळतात आणि त्यांच्यासोबत 'द हाँटिंग' नावाचे साहस असते. बॉस्टनमधले एक जुने घर आणि त्या घराचा पूर्वेतिहास, एवढाच पसारा आहे. जिंकायचे गणित १ ते १०० आकड्यांच्या फाशांवर असते: कौशल्य ५५ असेल तर ५५ किंवा कमी पडले पाहिजे, हे सांगायला अर्धे मिनिट लागते. मुख्य म्हणजे तिथला नकाशा घराचा आहे. तळमजला, वरचा मजला, तळघर. फ्लॅटचा ब्लूप्रिंट प्रत्येकीने कधी ना कधी पाहिलेला असतो, त्यामुळे "ही भिंत एवढी जाड का?" असा प्रश्न माझ्या टेबलावर आपोआप आला, मला सुचवावा लागला नाही.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी खेळाडू वर्तमानपत्रांची कात्रणे, ग्रंथालय, सरकारी दप्तर अशा ठिकाणी चौकशी करू शकतात. ज्यांना फासे टाकून मारामारी करण्यात रस नाही त्यांना हा भाग फार रुचतो. नववीतल्या मुलांना मात्र मी हे देणार नाही. शेवट भीषण आहे आणि पात्रे खरोखर मरतात.

नऊ नंबर (ठाणे पूर्व)

थोडे सविस्तर लिहितो. ज्यांना ही साहसे खेळाडू म्हणून खेळायची आहेत त्यांनी हा प्रतिसाद इथेच सोडावा, कारण मी गुपिते फोडणार आहे.

उपवनकाठ यांची गुहा नकाशा म्हणून उत्तम आहे आणि तिचे काय करायचे हे त्यांना त्या दिवशी कोणी सांगितले नाही, एवढेच झाले. आठ क्रमांकाच्या दालनात जायला तिथे एकच वाट नाही. ओढ्याच्या कडेने पुलाखालून आत जाता येते, पण मग वरचे गॉब्लिन अडवलेले पाणी सोडून देतात आणि लोंढ्यात सगळे बाहेर फेकले जातात. दुसरीकडे, लांडगे बांधलेल्या जागेच्या मागच्या अंगाला दगडात एक धुराड्यासारखी फट आहे. तिच्यातून वर चढले की माणूस थेट म्होरक्याच्या दालनात निघतो. म्हणजे काकूंचा "सरळ आठमध्ये जाऊ" हा बेत नकाशाला मान्यच होता. लांडग्यांना चुकवून ती चिंचोळी फट शोधणे आणि चढणे हे त्याचे मोल होते. आपण तेव्हा "फट कुठे आहे ते शोधा" एवढेच म्हटले असते, तरी खेळ पुढे गेला असता.

नकाशातल्या अशा फिरून जोडलेल्या वाटांचे श्रेय जाणकार मंडळी साहसलेखिका जेनेल जॅक्वेज यांना देतात; त्यांचे 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' १९७९ साली आले. एकाहून अधिक प्रवेश, वर-खाली जाण्याच्या निरनिराळ्या जागा, फिरून पुन्हा ओळखीच्या खोलीत आणणारे रस्ते. ठाणेकराला हे समजावून सांगायला नको. आपल्या स्थानकावर कल्याणच्या बाजूचा पूल तुंबला की आपण मधल्या पुलाने जातो, तोही तुंबला की मुंबईच्या टोकाला चालत जातो, आणि वाशीची गाडी पकडायची असेल तर कुठल्या डब्यातून उतरले म्हणजे नऊ-दहा नंबरचा फलाट जवळ पडतो हे आधीच ठरवून बसतो. हा निर्णय आहे. ज्या नकाशात एका खोलीला एकच दार आणि त्या दारापलीकडे पुढची खोली, तो नकाशा म्हणजे नाट्यगृहाच्या खिडकीपुढची रांग. तिथे खेळाडू पुढे सरकतो, ठरवत काहीच नाही.

नवख्या सूत्रधाराने एक मोफत साहस जरूर उतरवून घ्यावे: 'टूम ऑफ द सर्पंट किंग्ज'. स्कर्पल्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकाने ते मुद्दाम शिकवण्यासाठी रचले आहे आणि प्रत्येक जागा काय शिकवते हे सूत्रधारासाठी लिहूनही ठेवले आहे. सुरुवातीच्या छोट्या खोल्यांत मातीचे पोकळ पुतळे आहेत. पुतळा फोडला की आत सांगाडा आणि सोन्याचा ताईत मिळतो, पण त्याबरोबर विषारी वायूही बाहेर पडतो. एक पुतळा फोडून खेळाडू शहाणे होतात आणि पुढच्या पुतळ्यांपाशी नाकाला फडके बांधायचे, लांबून दगड मारायचा की नाद सोडायचा, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे असते. थोडे पुढे एक दार आहे, त्याला दगडी अडसर आहे आणि अडसर लोखंडी खुंट्यांवर टेकलेला आहे. अडसर उचलला की वजन गेल्यामुळे खुंट्या वर येतात आणि छतातून मोठा हातोडा झोके घेत येतो. इथे फासा टाकून "सापळा सापडला का?" असे विचारायचे नाही, खुंट्यांचे वर्णन करायचे आणि गप्प बसायचे.

नकाशा दाखवण्याबद्दल माझा परिपाठ असा की छापील नकाशा माझ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे राहतो आणि कोरा चौकटींचा कागद खेळाडूंपैकी एकाच्या हाती जातो. मी मापे बोलतो, तो काढतो.

खाडीपूल (ऐरोली)

खेळाडूनेच काढायचा असेल तर माझी हरकत निम्मी मावळली, निम्मी शिल्लक आहे. "उत्तरेला तीस फूट बोळ, मग पूर्वेला दहा फूट" असे सतत सांगत बसले की सूत्रधाराचा तलाठी होतो.

नऊ नंबर (ठाणे पूर्व)

तलाठ्याचा धोका खरा आहे. म्हणून मी फक्त खोल्या आणि दारे मापाने सांगतो. वळणावळणाच्या गुहांत नुसती वर्तुळे काढून रेघांनी जोडायला सांगतो.

उपवनकाठ (ठाणे)

सर्वांचे आभार. आता साहित्याबद्दल विचारतो, कारण मी मागच्या वेळी रंगीत छपाईवर नको तेवढे पैसे घालवले. चौकटींचा कागद कोणता घ्यावा, आणि नकाशावर पात्रे म्हणून ठेवायच्या छोट्या पुतळ्यांऐवजी काय वापरता येईल? घरी कॅरम आहे, त्याच्या सोंगट्या चालतील का?

सोंगटी (वाशी)

माझे टोपणनाव पाहून हा प्रश्न विचारला असावा. कॅरमच्या सोंगट्या चालत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. लढाईच्या नकाशात एक इंच म्हणजे पाच फूट आणि एका चौकटीत एक पात्र, असे माप असते. इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, कॅरमची सोंगटी तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी असते. दोन पात्रे शेजारी उभी केली की एक तिसऱ्या चौकटीत घुसते आणि "मी तिथे नव्हतोच" असे भांडण सुरू होते. त्यापेक्षा नाणी बरी. शर्टाची मोठी बटणेही बसतात, आणि लहान मुले त्यांवर स्केचपेनने डोळे काढतात.

एक इंची चौकटी ए-फोर कागदावर आठ बाय अकरा एवढ्याच मावतात, म्हणजे ४० बाय ५५ फूट. तीस फूट चालणारे पात्र दोन पाळ्यांत कागदाबाहेर जाते. म्हणून लढाईसाठी भिंतीवरच्या मोठ्या गुळगुळीत कॅलेंडरची पाठची कोरी बाजू घ्यावी आणि पट्टीने रेघा माराव्यात. खेळाडूने काढायच्या नकाशाला मात्र शाळेचा साधा आलेख कागद उत्तम. एक सेंटिमीटरची चौकट म्हणजे दहा फूट धरले की पाच मजल्यांचे तळघरही एका वहीत मावते.

तयार नकाशे हवे असतील तर डायसन लोगोस या टोपणनावाचे चित्रकार आपल्या ब्लॉगवर काळ्या शाईत हाताने काढलेले शेकडो नकाशे ठेवतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ते बिघडत नाहीत, हा आपल्या दृष्टीने मोठा फायदा. संगणकावर स्वतः काढायचे असेल तर 'डन्जन स्क्रॉल' ब्राउझरमध्येच चालते.

पारसिक (कळवा)

उशिरा येतो आहे. एवढे सगळे बाहेरून आणायचे कशाला? मुलांना गॉब्लिन म्हणजे काय ते समजावण्यात वीस मिनिटे जातात. मुंजा, हडळ, वेताळ, पाण्यातला गिऱ्हा हे सांगायला वेळ लागत नाही; मुलांना नाही तर त्यांच्या आजीला तरी ते ठाऊक असतात. मी येऊरच्या जंगलासारख्या एका काल्पनिक जंगलात छोटे साहस रचले होते आणि त्यात चकवा ठेवला होता. चकवा वाट चुकवतो. म्हणून खेळाडू नकाशा काढत असताना मी तीनदा बरोबर दिशा सांगितल्या आणि चौथ्यांदा त्यांना पुन्हा त्याच वडापाशी आणले. नकाशा काढणारी मुलगी रडकुंडीला आली, तिने खोडरबर घेतले, आणि मग एकदम थांबून म्हणाली, "माझा नकाशा बरोबर आहे. जंगल चुकतंय." त्या क्षणापुढे मला कुठलाही ड्रॅगन फिका वाटतो.

सोंगटी (वाशी)

प्रसंग सुरेख आहे, तरी उपवनकाठ यांना मी आत्ता हा सल्ला देणार नाही. ज्या मंडळींना नकाशा म्हणजे काय हेच नुकते कळले आहे त्यांच्या नकाशाशी पहिल्या किंवा दुसऱ्या बैठकीत खोटे बोलले, तर ती पुढे कुठल्याच वर्णनावर विश्वास ठेवणार नाहीत. चकवा पाचव्या-सहाव्या बैठकीला यावा. शिवाय स्वतः रचलेल्या साहसात काय बिघडले ते नवख्या सूत्रधाराला ओळखता येत नाही. तयार साहस फसले तर निदान इथे येऊन विचारता येते.

पारसिक (कळवा)

मान्य. पण नावे बदलायला कोणाची हरकत नसावी. आकडे गॉब्लिनचे आणि नाव मुंजाचे, एवढे तर पहिल्या दिवशीही चालेल.

उपवनकाठ (ठाणे)

काल रविवारी दुसरी बैठक झाली. काय झाले ते कळवावे, म्हणून लिहितो.

'सर्पंट किंग्ज'चा सुरुवातीचा भागच घेतला. छापील नकाशा जुन्या फाइलच्या पुठ्ठ्यामागे ठेवला आणि आलेख वही मुद्दाम काकूंच्या हाती दिली. पहिला पुतळा भाच्याच्या मित्राने लाथ मारून फोडला आणि सगळ्यांना वायूचा त्रास झाला. दुसऱ्या पुतळ्यापाशी पंधरा मिनिटे वाद चालला, आणि त्या पंधरा मिनिटांत माझी एकदाही गरज पडली नाही. मागच्या वेळी मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला भाचा या वेळी उभा राहून बोलत होता.

मग दार आले. मी अडसर आणि खुंट्या यांचे वर्णन केले आणि नऊ नंबर यांच्या सांगण्याप्रमाणे गप्प बसलो. मुले अडसर उचलायला निघालीच होती. काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचे माहेर वाड्यातले आहे. त्या म्हणाल्या, "थांबा रे. आमच्याकडे अडसर भिंतीतल्या खोबणीत सरकत असे. खुंटीवर टेकलेला अडसर दार धरत नाही, तो खुंटीच दाबून ठेवतो. तो काढला की खुंटीचं काय होणार?" मी काहीच बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून मुलांना कळले असावे. त्यांनी दोर बांधला, बोळात लांब जाऊन सगळ्यांनी मिळून अडसर ओढला आणि हातोडा रिकाम्या बोळात झोके घेत राहिला. फासा एकदाही टाकला नाही.

आता एक अडचण उरली आहे. वही काकूंनी घरी नेली आहे आणि आज सकाळी त्या लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या की दोन खोल्यांच्या मध्ये दहा फूट जागा रिकामी राहते, तिथे गुप्त खोली असणार, पुढच्या रविवारी आधी ती भिंत फोडायची. माझ्याजवळच्या नकाशात तिथे काहीही नाही. त्यांना तसे सांगावे का?

नऊ नंबर (ठाणे पूर्व)

चूक कोणाची आहे ते आधी पाहावे. त्यांनी चौकटी चुकीच्या मोजल्या असतील तर सांगू नये, भिंत फोडू द्यावी. पलीकडे माती निघेल आणि आवाजाने कोणीतरी जागे होईल. चूक आपल्या वर्णनातली असेल तर मात्र खेळ सुरू होण्याआधी सांगून टाकावे.

उपवनकाठ (ठाणे)

वर्णन पडताळून पाहिले. मीच तीस फुटांच्या जागी वीस म्हणालो होतो. संध्याकाळी खोडरबर घेऊन काकूंकडे जातो.